जुना वाडा, नवं मोजमाप: संपत्तीकराच्या फेरआकारणीवर हरकत कशी घ्यावी?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी.

आमच्या घराला संपत्तीकराच्या फेरआकारणीची नोटीस आली आहे. आकडा गेल्या वर्षीच्या तिपटीहून वर गेलाय. गल्लीत बऱ्याच जणांना आल्यात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे, म्हणून मी आमच्याच घराचं सविस्तर लिहिते. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी कृपा करून सांगावं.

घर रामबागेत, होळकर सरकारच्या काळात आजेसासऱ्यांनी बांधलेलं. प्लॉट 2,400 चौरस फुटांचा. मधे 22 बाय 18चा चौक, वर उघडं आभाळ. चौकाभोवती खोल्या, पुढे ओसरी, रस्त्याला लागून ओटा, मागे परस. तळमजल्याचं बांधकाम 1,700. माडी फक्त पुढच्या भागावर, 700 फुटांची, आणि तिच्यावर अजून कवेलूच (कौलंच) आहेत. भिंती चुन्यातल्या, दीड-दोन फूट जाड, खांब सागवानी. करासाठी आपण स्वतः भरून देतो त्या विवरणात दरवर्षी 2,400 फूट लिहितो आणि 31 मार्चच्या आत कर भरतो. सगळ्या पावत्या सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत सालवार लावलेल्या आहेत.

आता नोटिशीतले आकडे बघा. तळमजला 2,096, वरचा मजला 1,700, एकूण 3,796. सगळं पक्कं बांधकाम, म्हणजे स्लॅबच्या घराचा दर. हे कागदावर मांडलं तेव्हा कुठे उलगडा झाला. आमच्या 1,700मध्ये चौकाचे 396 मिळवले की बरोबर 2,096 होतात! चौकावर आम्ही कबुतरांसाठी हिरवी जाळी ताणली आहे. वरून काढलेल्या फोटोत ती छपरासारखी दिसली असणार. माडी पुढे आहे, म्हणून मागच्या बाजूलाही असेल असं धरलं गेलं. फीत लावून कोणी काही मोजलेलं नाही. सर्वे करणाऱ्या एजन्सीचा एक मुलगा टॅबलेट घेऊन आला होता. ओट्यावर उभं राहूनच त्यानं विचारलं, मजले किती, विजेचे मीटर किती, नळ आहे का. सासूबाई म्हणाल्या, दोन मजले. तेवढं भरून तो पुढच्या घरी गेला. मुलगा सौजन्यानं बोलला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाहेरून वाडा कसा कळणार?

आणखी दोन गोष्टी आहेत. एक 180 फुटांची खोली आम्ही कोचिंगसाठी आलेल्या मुलाला भाड्यानं दिली आहे आणि तसं विवरणात लिहितोही. नोटिशीत मात्र सबंध घरच भाड्यानं दाखवलंय. दुसरं म्हणजे, ओट्याच्या एका टोकाला सासऱ्यांच्या वेळेपासून एक प्रेसवाला, म्हणजे इस्त्रीवाला, बसतो. त्याच्याकडून आम्ही भाडं घेत नाही. त्याच्या टेबलामुळे पुढची अख्खी ओसरी व्यावसायिक झाली आहे. त्या ओसरीत सासूबाईंचा पलंग आणि झोपाळा आहे.

कर वाढूच नये असं मी म्हणत नाही. रोज सकाळी दाराशी कचऱ्याची गाडी येते, रात्री राजवाड्याच्या बाजूचे रस्ते झाडले जातात, नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणतात. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो आपणच द्यायचा. दर वाढला असता तर मी कुरकुर करून भरला असता. पण जे छप्पर आमच्या घरावर नाही त्याचा कर मी कबूल करणार नाही. माझं घर जसं आहे तसं मोजा, मग जो आकडा येईल तो देते.

विचारायचं ते हे. उघडा चौक बांधकामात धरतात का? कवेलूच्या माडीला स्लॅबचा दर लागतो का? नोटिशीत कलम 138चा उल्लेख आहे आणि पाचपट दंडाचं काहीतरी लिहिलंय, ते वाचून घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला आहे. अर्ज कोणाकडे करायचा, आणि तोवर जुन्या हिशेबानं कर भरला तर चालेल का?

हिशेबनीस (उज्जैन)

ताई, मी एका छोट्या नगरपालिकेच्या राजस्व (करवसुली) शाखेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आपल्याकडच्या सगळ्या शहरांत पद्धत सारखी, दर तेवढे वेगळे. तुम्ही आकडे नीट दिलेत म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

आधी पाया समजून घ्या. आपला संपत्तीकर घराच्या किमतीवर नाही, वार्षिक भाडेमूल्यावर आहे, म्हणजे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला जेवढं यावं असं धरतात त्यावर. मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम 1956मध्ये ते ठरवायची रीत सांगितली आहे. बांधलेलं क्षेत्र गुणिले दर चौरस फुटाचा दर. हा दर तीन गोष्टींवर ठरतो: घर शहराच्या कोणत्या परिक्षेत्रात (विभागात) आहे, राहायला आहे की व्यवसायाला, आणि बांधकाम कोणत्या प्रकारचं. परिक्षेत्रांचे दर आता कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांशी, जोडलेत, त्यामुळे जमिनीचे भाव चढले की हेही चढतात. आलेल्या रकमेतून डागडुजीसाठी 10 टक्के वजा होतात. मालक स्वतः राहत असेल तर त्या भागाचं निम्मं सुटतं. जे उरेल त्याच्या 6 ते 10 टक्क्यांच्या मधे कर बसतो. त्यावर समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर, हे वेगळे.

आता तुमचं घर. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर 10 रुपये धरू, खरा दर तुमच्या परिक्षेत्राच्या तक्त्यात बघा. तुमच्या विवरणाप्रमाणे स्वतःच्या वापरात 2,220 फूट. त्याचे 22,200, दहा टक्के काढले की 19,980, निम्मे 9,990. भाड्याची खोली 180 फूट, तिचे 1,800, दहा टक्के जाऊन 1,620, इथे निम्मी सूट नाही. एकूण भाडेमूल्य 11,610. नोटिशीप्रमाणे 3,796 फूट, म्हणजे 37,960, दहा टक्के जाऊन 34,164. घर भाड्याचं दाखवलं म्हणून निम्मं सुटलं नाही. झालं की जवळपास तिप्पट! वर ओसरीचा व्यावसायिक दर आला, म्हणून तुमचा आकडा तिपटीच्या पुढे गेला.

म्हणजे वाढ फक्त चौकामुळे नाही. सगळ्यात मोठा फटका निम्मी सूट गेल्याचा आहे. त्यामुळे अर्जात पहिला मुद्दा तोच घ्या, चौक दुसरा. बहुतेक लोक उलट करतात. मोजमापावरून भांडतात आणि वापराच्या रकान्याकडे बघतच नाहीत.

चौकाचं म्हणाल तर, कायद्याची भाषा बांधलेल्या क्षेत्राची आहे. आभाळाखालची जागा बांधकाम नव्हे. पत्रे टाकले असते तर मोजली असती, जाळी म्हणजे छप्पर नाही. पण हे फोटोनं सिद्ध करा. चौकात उभं राहून वर कॅमेरा धरून काढलेला एक, माडीवरून खाली काढलेला एक. जाळीची एक बाजू सोडवून काढलात तर उत्तम. माडीचंही तसंच. पत्रे-कवेलूंच्या बांधकामाचा दर पक्क्या छताच्या घराहून कमी असतो. कवेलू दिसतील आणि मागच्या भागावर माडी नाही हेही दिसेल असा फोटो शेजारच्या गच्चीवरून घ्या.

प्रेसवाल्याबद्दल मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही. भाडं घेत नसाल तरी तिथे धंदा चालतो आणि वापर व्यावसायिकच धरतात. तो पूर्ण नाकारू नका, अर्जाचं वजन कमी होतं. त्याचं टेबल किती जागेत आहे ते मोजा, 6 बाय 4 असेल तर 24 फूट लिहा आणि तेवढीच जागा व्यावसायिक धरावी असं म्हणा. ओसरीचा आणि त्याचा संबंध नाही.

पाचपटीची भीती मी समजू शकतो. कलम 138 असं आहे: तुम्ही स्वतः भरलेलं भाडेमूल्य आणि निगमानं (महापालिकेनं) काढलेलं भाडेमूल्य यांत 10 टक्क्यांपर्यंत फरक असेल तर तो सोडून दिला जातो. त्याहून जास्त असेल तर फरकाच्या पाचपट शास्ती लावता येते. पण निगमाचा आकडा अजून ठरायचा आहे, नोटीस त्यासाठीच असते. हरकत मुदतीत गेली आणि पुनर्मापन झालं की मग जो आकडा निघेल त्याच्याशी तुलना. हरकतीनंतरही विरुद्ध आदेश झाला तर अपील मेयर इन कौन्सिलकडे, म्हणजे महापौरांच्या समितीकडे. गप्प बसलात तर मात्र नोटिशीतला आकडाच ठरलेला मानतील.

अर्ज झोन कार्यालयात, सहायक राजस्व अधिकाऱ्याच्या नावानं. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी कोणी “करून देतो” म्हटलं तरी शिक्क्याशिवाय परत येऊ नका.

आणि पैसे थांबवू नका. तुमच्या हिशेबानं जेवढा येतो तेवढा कर 31 मार्चच्या आत भरा, हरकत अबाधित ठेवून भरतो असं पत्र सोबत द्या. वर्ष उलटलं की त्या वर्षाची निम्मी सूट जाते आणि वर अधिभार. वादापायी हातातली सूट घालवलेली घरं मी पुष्कळ पाहिलीत.

निपानियावाला (इंदूर)

काकू, राग मानू नका, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

मी बायपासच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहतो. माझं क्षेत्रफळ रजिस्ट्रीत छापलंय, लिफ्टजवळच्या पाटीवरही आहे. एक फूट इकडचा तिकडे होत नाही, मी पहिल्या वर्षापासून पूर्ण कर भरतोय. 2014मध्ये 29 गावं शहरात घेतली, तेव्हा आमचा भाग आला. कर आधी आला, बाकीच्या गोष्टी मागून येत राहिल्या. कितीतरी वर्षं उन्हाळ्यात सोसायटीनं टँकर मागवलेत, त्याचे पैसे वेगळे.

आणि जुन्या बाजारपेठांत काय परिस्थिती आहे? खाली तीन दुकानं, वर गोदाम, आणि खात्यात “निवासी, स्वतःच्या वापरात”. चाळीस वर्षांपूर्वी जे क्षेत्रफळ लिहिलं तेच अजून चालू, मधे दोन मजले चढले तरी. स्वतःच विवरण भरायची पद्धत माणसांच्या खरेपणावर चालते, आणि सगळेच तुमच्यासारखे पेटीत पावत्या जपत नाहीत. वरून फोटो काढल्याशिवाय हे बाहेर आलं नसतं. मला हा सर्वे हवा होता आणि अजूनही हवा आहे. चार घरांचं चुकलं म्हणून सगळी फेरआकारणीच मोडीत काढा अशी ओरड झाली, की फायदा त्या दुकानवाल्यांचा होतो. वाड्यांना सूट दिली तर तो बोजाही शेवटी आमच्यासारख्यांवरच येणार.

तुमची हरकत योग्य वाटते. पण ती तुमच्या घरापुरती ठेवा, मोर्चात नेऊ नका एवढंच सांगतो.

रामबागकर

हिशेबनीस दादा, तुमचे फार फार आभार. निम्म्या सुटीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी चौकाभोवतीच फिरत होते. सासूबाईंना हिशेब वाचून दाखवला, त्यांनी दोनदा वाचायला लावला.

निपानियावाले, राग कशाला? तुमचं पाण्याचं दुःख खरं आहे आणि दुकानांचंही खरं आहे. माझ्याच गल्लीच्या तोंडाशी असं एक घर आहे. पण मी सूट मागितलेली नाही, पुन्हा वाचून बघा. वाड्याला वेगळी वागणूक द्या असं मी कुठेच म्हटलं नाही. चौकावर छप्पर नाही, मागे माडी नाही, घरात आम्ही राहतो, या तीन खऱ्या गोष्टी खऱ्या म्हणून लिहा, एवढंच मागते आहे. तुमचं क्षेत्रफळ रजिस्ट्रीत छापलंय म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. आमचं कुठेच छापलेलं नाही, ते कोणीतरी आत येऊन बघावं लागतं. चोर शोधायला काढलेला फोटो साव माणसालाही चोर ठरवणार असेल, तर एक माणूस फीत घेऊन पाठवायला काय हरकत आहे?

आणि मोर्चाचं म्हणाल तर, माझ्या घरापुरतं ठेवायला मी तयार नाही. आमच्या रांगेत अजून चौक असलेले वाडे आहेत. एका घरात दोघंच म्हातारे आहेत, मुलं बंगलोरला. त्यांना नोटीस वाचता येते पण झोन कार्यालयाच्या पायऱ्या चढवत नाहीत. आकडा बघून आजोबा म्हणाले, एवढा कर भरण्यापेक्षा बिल्डरला देऊन टाकू. मला झोप आली नाही त्या दिवशी. वाडे पडतात ते काही एका करानं पडत नाहीत, वाटण्या, भाडेकरू, वाळवी, पार्किंग, सगळंच असतं. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या 396 फूट जमीन कोणी बांधली नाही, पावसाचं पाणी परसातल्या विहिरीत सोडलं, त्या मोकळ्या जागेवरच स्लॅबच्या दरानं कर लावला तर पुढचा वारस काय शिकेल? चौक झाकून टाका, कर तर भरतोच आहोत! मला हे मनापासून चुकीचं वाटतं, आणि ते मी गल्लीतल्या सगळ्यांसाठी बोलणार.

बडोदेकर (बडोदा)

धागा वाचून राहवलं नाही. आमचंही घर दांडिया बाजाराच्या मागे, चौकाचंच.

गुजरातेत पद्धत वेगळी आहे. अहमदाबादनं 2001मध्ये भाडेमूल्य सोडून क्षेत्रफळावर वेरा (कर) लावायला सुरुवात केली, मागोमाग बडोद्यानंही. आमच्याकडे कार्पेट एरिया धरतात, म्हणजे भिंतींच्या आतलं. तुमच्याकडे बांधलेलं क्षेत्र, म्हणजे भिंतीसकट. नव्या फ्लॅटला यानं फारसा फरक पडत नाही, पण दोन फूट भिंतींच्या वाड्यात फरक मोठा पडतो. साधा हिशेब करा: आतून 12 बाय 10ची खोली, चारी बाजूंनी दोन फूट भिंत. आत 120 फूट आणि बाहेरून 16 बाय 14, म्हणजे 224. भिंती शेजारच्या खोल्यांशी वाटून घेतल्या तरी बरीच जागा विटा आणि चुन्यातच जाते.

दुसरं म्हणजे वेरा काढताना चार गुणक लावतात: विभाग कोणता, इमारत किती जुनी, कोणत्या प्रकारची, आणि मालक राहतो की भाडेकरू. जुनी इमारत असेल तर वयाचा गुणक उतरतो. मांडवी-वाडी भागातल्या जुन्या घरांना त्याचा आधार आहे.

म्हणून आमच्याकडे सगळं सुरळीत आहे असं समजू नका. आकारणी फिरली की इथेही वॉर्ड ऑफिसात रांगा लागतात, गुणक चुकीचा बसला की तोही अर्ज करूनच सुधारावा लागतो. पण घराचं वय आणि भिंतींची जाडी हिशेबात यावी, ही मागणी तुमच्याकडेही करता येण्यासारखी आहे. दराचा ठराव परिषदेतच होतो ना? मग नगरसेवकाकडे हे लेखी द्यायला काय हरकत आहे? एका घराची हरकत झोनमध्ये मिटेल, हे मात्र ठरावानंच होईल.

पुण्याची सून, इंदूरची लेक

काकू, थोडक्यात लिहिते. निम्मी सूट आपोआप चालू राहील असं धरून बसू नका. इथे पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना 1970पासून 40 टक्के सवलत होती, मधे ती काढली, 2023मध्ये सरकारनं पुन्हा दिली. पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-3 नावाचा अर्ज आणि राहत असल्याचे पुरावे द्यावे लागले. आमच्या सोसायटीत कितीतरी जण “सरकारनं दिली की मिळणारच” म्हणून थांबले आणि पूर्ण बिल येत राहिलं. विजेचं बिल, गॅसचं कार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव, जे जे त्या पत्त्याचं असेल ते अर्जाला जोडा. सासूबाईंचं मतदार कार्ड सगळ्यात पक्कं.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. बडोदेकर, भिंतींचं तुम्ही लिहिलं ते वाचून मी रात्री स्वयंपाकघराची भिंत मोजली, 22 इंच भरली. नगरसेवकांना देण्याचं पत्र वेगळं तयार करते.

दादा, आता एक अडचण आहे, ती विचारायची राहिली. खातं अजून आजेसासऱ्यांच्याच नावावर आहे. सासरे गेले तेव्हा नामांतरण झालं नाही, दिरांचा हिस्सा आहे आणि ते नागपूरला असतात. भांडण काही नाही, नुसतं राहून गेलेलं आहे. सबंध घर “भाड्यानं” लिहिलं गेलं ते यामुळेच असेल का? आणि हरकतीवर सही कोणाची चालेल? गल्लीतल्या त्या आजी-आजोबांची थकबाकी आहे, त्यांना लोक अदालतीपर्यंत थांबा असं कोणीतरी सांगितलंय. ते बरोबर आहे का?

हिशेबनीस

ताई, शक्यता पुष्कळ आहे. खातेदार हयात नाही, घरात दुसरीच माणसं राहतात, मग वापराच्या रकान्यात “भाडेकरू” बसतो. जुन्या मोहल्ल्यांत हे घरोघर आहे. खातं ज्या नावावर आहे तो माणूस तिथे राहतो हे दाखवता आलं तरच निम्मी सूट टिकते, त्यामुळे नामांतरण आता पुढे ढकलू नका. आजेसासऱ्यांचा आणि सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, वारसांची यादी शपथपत्रावर, दिरांचं सहमतीचं पत्र नोटरी करून, जुन्या पावत्या. दिरांना फोन करून मसुदा पाठवा, सहीसाठी त्यांना यायची गरज पडू नये असं बघा. सगळ्यांच्या नावे संयुक्त खातं झालं तरी चालतं, सासूबाईंचं नाव त्यात पहिलं घ्या.

हरकत मात्र नामांतरणासाठी अडवू नका. “खातेदाराचे वारस आणि ताबेदार” म्हणून सासूबाईंनी सही करावी, खाली तुमची आणि यजमानांची. नामांतरणाचा अर्ज केल्याची पोच त्याच दिवशी हरकतीला जोडा, म्हणजे दोन्ही कागद एकाच फायलीत जातील. कलम 136मध्ये सवलतींची यादी आहे, तीत विधवांसाठीही अटींसह तरतूद आहे. खातं सासूबाईंच्या नावावर आल्यावर ते कलम एकदा वाचून घ्या, लागू होतं का बघा.

लोक अदालतीबद्दल लोकांचा समज अर्धवट असतो. तिथे मूळ कर माफ होत नाही, फक्त अधिभार कमी होतो. कर आणि अधिभार मिळून थकबाकी 50 हजारांपर्यंत असेल तर अधिभार पूर्ण सुटतो, 50 हजार ते 1 लाख असेल तर निम्मा, त्यावर गेली तर पाव. त्या आजोबांची आत्ताची रक्कम 50 हजारांच्या आत असेल तर थांबणं ठीक, पण चालू वर्षाचा कर त्यांना आधी भरायला सांगा. थकबाकीच्या नादात चालू वर्षही थकलं की त्या वर्षाची निम्मी सूट जाईल. आणि नोटिशीवर हरकत त्यांनाही घ्यायचीच आहे, अदालतीत मोजमाप बदलून मिळत नाही. त्यांना पायऱ्या चढवत नसतील तर साध्या कागदावर अधिकारपत्र लिहून घ्या, तुमचा आणि त्यांचा आधार जोडा, त्यांचा अर्ज तुम्ही देऊ शकता.

जाता जाता विहिरीचं. छताचं पाणी जिरवायची व्यवस्था केली तर ज्या वर्षी ती केली त्या वर्षाच्या संपत्तीकरात 6 टक्के सूट देण्याची राज्याची योजना आहे. तुमचं पाणी आधीपासून विहिरीत जातं, त्याला ती लागू होईलच असं सांगत नाही, पण गल्लीत जे नवीन करतील त्यांना सांगा.

पुनर्मापनाला माणूस आला की तुम्ही सोबत फिरा, त्याच्या कागदावरचे आकडे तिथेच उतरवून घ्या आणि पंचनाम्यावर पटलं तरच सही करा. पटलं नाही तर “असहमत” असं लिहून सही करा, नुसती सही नाकारू नका.

निपानियावाला

काकू, अधिकारपत्र आणि हरकतीचा मसुदा मी हिंदीत टाइप करून देऊ शकतो, कार्यालयात हिंदीतच द्यावा लागेल. त्या आजी-आजोबांचाही. घराचा नकाशा नसेल तर चौक, माडी आणि परस दाखवणारा हातानं काढलेला आराखडा मोजमापांसह फोटो काढून पाठवा, मी तो साफ काढून देईन. दुकानांबद्दल माझं मत तेच आहे.

रामबागकर

जरूर पाठवते. आमचे हे आणि मी आज संध्याकाळी सगळ्या खोल्या मोजून आराखडा काढतो. शेजारच्या तीन वाड्यांचेही काढते. सोमवारी चार अर्ज एकदमच नेणार, प्रत्येकाची वेगळी पोच घेणार. नोटिशीची मुदत त्याच आठवड्यात संपते आहे, तेव्हा मसुदा रविवार दुपारपर्यंत मिळाला तर सासूबाईंना वाचून दाखवून सही घेता येईल.